सहा नंबरची कात

…शेंगदाण्याचं फोलपट असावं तसं काहीतरी, पण त्याहून हलकं, त्याहून पारदर्शक — दगडाच्या हिरवट कडेला चिकटलेलं; सरळ पाहिलं तर दिसत होतं आणि मान जराशी तिरकी केली की नव्हतंच. तिनं बरणी खिडकीकडे उचलली, मग उजेडात धरायची नाही असं बजावलेलं आठवून चटकन खाली घेतली आणि गळ्यातलं रफूचं भिंग डोळ्याला लावलं. तीन शेपट्या, मधली लांब. दोन मिशा. पायसुद्धा सगळे जागच्या जागी. फक्त आत कोणी नव्हतं. पाठीवर एक सरळ चीर होती, आणि चिरांची तिला चाळीस वर्षांची पारख — ही खिळ्यात अडकून फाटलेली नव्हती, कुरतडलेली तर नव्हतीच. शिंपी शिवण उसवतो तशी कोणीतरी आतून नीट उसवली होती आणि अंगरखा तिथेच टाकून बाहेर पडलं होतं.

बाहेर म्हणजे कुठे?

तिनं बरणीतला ओला कापूस बघितला, झाडाच्या सालीचा तुकडा चिमट्यानं उलटा करून बघितला, दगडाच्या खालची पोकळी बघितली. मग झाकण बघितलं. झाकण बाजूला सरकलेलं होतं. फार नाही, करंगळी जाईल एवढंच. पण ज्याची जाडी करंगळीच्या नखाएवढी त्याला तेवढं म्हणजे सताड उघडा दरवाजा.

कालचं. कालचंच ते. माझंच काम, दुसऱ्या कुणाचं असणार. घरात आहे कोण दुसरं?

घरात दोन दिवस ती एकटी होती. मुलगा — त्याचा उल्लेख ती चिरंजीव असा करी, जरा कौतुकानं, जरा चेष्टेनं — जहाजावर, इंजिनखान्यात, वर्षातले आठ महिने पाण्यावर. आणि सून परवा सकाळी परगावी गेली, तीन वर्षांचं काम परीक्षकांपुढे मांडायला. जाताना नंबर घातलेल्या अकरा बरण्या सासूच्या हवाली करून गेली. बरण्या म्हणजे तिचं ते काम. प्रत्येकीत एक दगड, एक सालीचा तुकडा, ओला कापूस आणि एक किडा. रोज सकाळी दोन फवारे पाणी, जास्त नाही. उजेडात ठेवायच्या नाहीत. झाकण उघडायचं तर लगेच बंद. वहीत तारीख घालून काय दिसलं ते लिहायचं. “अहो आई, कोरडी हवा त्यांना अजिबात सोसत नाही, एका दिवसात वाळून जातात, एवढंच सांभाळा,” असं म्हणून सून पायांत चपला अडकवून निघून गेली होती, आणि ती दारात उभी राहून विचार करत होती की हिनं हे माझ्या गळ्यात का घातलं असेल.

कारण कसरीचं आणि तिचं हाडवैर. कसर म्हणजे कपाटातला तो रुपेरी, सुळकन पळणारा किडा — जो कांजी केलेल्या कॉलरी खातो, रेशमाचा वरचा थर चाटून कापड जाळीसारखं करून ठेवतो, पुस्तकांच्या बांधणीतली खळ फस्त करतो. दिसली की मारायची. अंगठ्यानं. अंगठ्याला मग चंदेरी भुकटी लागायची, ती पुसायची आणि पुढचं काम घ्यायचं. चाळीस वर्षं. नवरा इस्त्री करायचा आणि ती रफू, एकाच टेबलाच्या दोन टोकांना; तो गेला त्यालाही एकोणीस वर्षं झाली, टेबल तेच आहे. आणि सुनेनं बरण्या आणल्या तेव्हा चिरंजीवानं मोठ्या हौसेनं आईला समजावून सांगितलं होतं, ही घरातली कसर नव्हे, तिचे लांबचे नातलग. हे दगडाखाली राहतात, शेवाळ खातात आणि उड्या मारतात. पंख नाहीत. गळून गेले असं नव्हे, कधी आलेच नाहीत. जगात कुठल्याच किड्याला पंख फुटले नव्हते तेव्हापासून हे असेच चाललेत. आणि मोठं झाल्यावर, पोरंबाळं झाल्यावरही कात टाकत राहतात, मरेपर्यंत. बाकीचे किडे एकदा मोठे झाले की संपलं. तिनं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाली होती, जन्मभर जुना कपडा टाकून नवा घालायचा म्हणजे रफूगाराच्या पोटावर पाय.

चिरंजीव हसला होता. सूनही हसली होती तेव्हा. ते आधीचं.

त्यानंतर महिन्याभरानं तो फोन… थोरल्या बहिणीचा. बहिणीनं नेहमीचं विचारलं, काही गोड बातमी? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, घरात पाळणा हलायचा तर इथे बरण्यांत किडे हलतायत. वाक्य चांगलं जमलं म्हणून ती स्वतःच हसली. बहीणही हसली. आणि मागे वळून बघते तर दारात सून, हातात किल्ली, खांद्याला पिशवी. सुनेनं किल्ली खुंटीला लावली, हातपाय धुतले, चहा केला, दोन कप, साखर बरोबर घातलेली. एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. तीन वर्षं दोघी एकमेकींशी इतक्या नीट वागत होत्या की घरात पाहुणे आल्यासारखं वाटे — कोण यजमान आणि कोण पाहुणी तेवढंच कळत नसे.

आणि आता सहा नंबर पसार.

काल दुपारची गोष्ट. फवारे मारून झाले होते, वहीत लिहून झालं होतं, बरण्यांशी तिचं काही काम उरलं नव्हतं. पण ती पुन्हा त्यांच्यापाशी गेली — आणि हे कबूल करायला हरकत नाही, ऐकायला कोण आहे — ती पहिल्या दिवसापासूनच पुन्हा पुन्हा जात होती. भिंगातून बघितलं तर अंगावर खवले होते, बदामी, करडे, मधूनच पितळेसारखे, एकावर एक बसवलेले. असं विणकाम तिनं कुठल्या शालीवर पाहिलं नव्हतं. डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना टेकलेले. आणि काल तीन वाजता सहा नंबर दगडाच्या कडेला गप्प बसला होता, नुसता बसला नव्हता तर चिकटवल्यासारखा. बरणी हलवली तरी हलेना. मेला की काय म्हणून तिनं झाकण काढलं. मेला नव्हता, मिशा हलत होत्या. मग ती स्टूल ओढून बसली. काही घडत नव्हतं आणि तरी उठवेना. पाचला दारावरची घंटा वाजली, एक वकील आपला काळा कोट घेऊन आले, कोपरापाशी खिळ्यानं फाटलेला. त्यांना तो दुसऱ्या दिवशी चार वाजता हवा होता. तिनं घाईनं झाकण ठेवलं. ठेवलं असं वाटलं. कोट घेऊन तिनं तिथेच टेबलावर पसरला, सुरकुती मोडावी म्हणून त्यावर ओलं फडकं टाकलं, वकील दहा मिनिटं आपल्या गुडघ्याबद्दल बोलत उभे राहिले, आणि मग अंधार झाला, आणि मग सकाळ.

तिनं शोध सुरू केला. आधी टेबल. कोट उचलला, खिसे उलटे केले, कॉलरीखाली भिंग फिरवलं, काही नाही. कोट झटकायची छाती झाली नाही, झटकला आणि तो नेमका पायाखाली आला तर. मग टेबलाखाली, गुडघ्यांवर, बॅटरी घेऊन. धाग्यांची रिळं, बटणांचा डबा, इस्त्रीखालची घोंगडी. न्हाणीघर, कारण तिथे ओल असते. मोरीच्या जाळीपाशी ती पालथी पडली आणि आत बॅटरी मारून चक्क म्हणाली, “ये बाबा बाहेर.” आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला हसू आलं. त्रेसष्टाव्या वर्षी मोरीत तोंड घालून किड्याला बाबापुता करणारी बाई. नवरा बघत असता तर इस्त्री खाली ठेवून बसला असता हसत.

दहा वाजले. फोन करायचा का? अकराला सुनेचं परीक्षकांपुढे बोलणं. आता फोन केला तर ती तिथे उभी राहून सहा नंबरचाच विचार करील… किंवा करणार नाही, नीट आवाजात म्हणेल, असू द्या अहो आई, आणि पुढची तीन वर्षं साखर बरोबर घातलेला चहा. त्यातलं दुसरं जास्त वाईट.

आणि मग तो विचार आला. चोरपावलांनी आला, पण आल्यावर अगदी घरच्यासारखा बसला. ट्रंक. पलंगाखालच्या ट्रंकेत जुन्या मासिकांचे गठ्ठे, आणि तिथे कसर असणारच. एक धरायची, सहा नंबरात सोडायची, झाकण घट्ट लावायचं. एकसारखेच तर दिसतात. कात टाकली असं वहीत लिहायचं — ते काही खोटं नाही.

ट्रंकेत तिसऱ्याच गठ्ठ्याखाली मिळाली. अंगठा सवयीनं पुढे गेला होता. तिनं तो मागे घेतला आणि काचेची वाटी पालथी घातली. भिंग लावलं. आणि पाहता पाहता तिची खात्री पटत गेली की हे काही जमायचं नाही. ही चपटी, दाबून इस्त्री केल्यासारखी. तो पाठीला पोक असलेला. हिचे डोळे म्हणजे दोन ठिपके; त्याचे डोक्यावर मावत नाहीत असे. तरी तिनं वाटी तिरपी करून कुंचल्यानं शेपटीला डिवचलं. कसर पळाली, पळतच राहिली, वाटीच्या कडेकडेनं गोल गोल. उडी मारायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. सून दारातूनच ओळखील. अगं बाई, तुझ्याकडे शालींची कामं आली तर तू धागा बघून सांगतेस कुठल्या मागावरचा. आणि तिनं तीन वर्षं हेच बघितलंय.

आणि आणखी एक गंमत तिच्या लक्षात आली, वाटीतल्या त्या गोल धावणाऱ्या जिवाकडे बघताना. ह्यांनी भोकं पाडली म्हणून लोक माझ्याकडे आले. रेशमी शाली, लग्नातले सूट, आजोबांचे कोट… चिरंजीवाचं शिक्षण निम्मं ह्यांनीच केलं की. कसर ह्यांनी लावायची आणि ती मी भरून काढायची. चाळीस वर्षं भागीदारीत धंदा केला आणि भागीदार दिसला की अंगठ्यानं चिरडला. तिनं वाटी ट्रंकेवर रिकामी केली. कसर मासिकांत सुळकन शिरली. “जा,” ती म्हणाली, “पण रेशमाला तोंड लावू नको.”

मग कोट घ्यावाच लागला. वकिलांना चारला द्यायचा होता, आणि हात रिकामे असले की डोकं नको ते विणत बसतं. आतल्या शिवणीतून तिनं त्याच कापडाचे धागे काढले, ओलं फडकं खांद्यापाशी सारून ठेवलं आणि कोपर मांडीवर घेतलं. उभे धागे आधी, मग आडवे, एक वर एक खाली. उजव्या बाहीकडे तिला बघायचंही कारण नव्हतं, फाटली होती ती डावी. काम करता करता ती वाक्यं जुळवत होती. अगं, एक सांगायचंय. नको. अगं, सहा नंबरनं कात टाकली, आणि… नको, आधी कात सांगून मग पळाल्याचं सांगणं म्हणजे लबाडी. अगं, माझ्याकडून झाकण उघडं राहिलं. हे बरं. छोटं आहे. पण त्याच्यामागे दुसरं एक वाक्य उभं होतं, तीन वर्षांपूर्वीचं, आणि ते मधे आल्याशिवाय हे पुढे जाईना.

वकील चारच्या ठोक्याला आले. रुंद, गंभीर माणूस, काखेत पांढऱ्या कागदांची चळत. त्यांनी कोपर उजेडात धरलं, शोधलं, आणि फाटलेलं कुठे होतं तेच सापडेना तेव्हा मान डोलावली. मग कोट घालून बघू म्हणाले. कागद टेबलावर ठेवले, डावा हात घातला, उजवा घातला आणि अर्ध्यावरच थांबले. बाहीत काहीतरी गुदगुल्या करतंय, असं त्यांनी अतिशय संकोचानं सांगितलं.

“हलू नका,” ती म्हणाली.

ते हलले नाहीत. एक हात बाहीत, एक हवेत, असे उभे राहिले. बाहीच्या तोंडातून आधी दोन मिशा आल्या, मग ते मोठे डोळे, मग सगळा सहा नंबर, नव्या खवल्यांचा, लखलखीत, जणू आत्ताच कोऱ्या घडीतून काढलाय. मनगटावर क्षणभर टेकला. आणि मग — तिनं इतक्या दिवसांत हे एकदाही पाहिलं नव्हतं — शेपटीकडचं अंग खाली आपटलं आणि तो हवेत होता, वीतभर उंच, पंख नाहीत, काही नाही, नुसता मनाला आलं म्हणून. आणि पांढऱ्या कागदांवर उतरला. टेबलावरचा रिकामा पेला तिच्या हातून त्याच्यावर कधी पालथा पडला ते तिलाही कळलं नाही.

“बाई, हे काय आहे?” वकिलांनी हळूच विचारलं.

“माझ्या सुनेचं आहे,” ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला उगीचच ताठ उभं राहावंसं वाटलं.

चावतो का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. चावत नाही म्हटल्यावर ते वाकून पेल्यातून बघत राहिले, गुडघा दुखत असूनही, आणि निघताना म्हणाले की एवढी चपळ उडी मारून त्यांच्या हातून आजवर बरेच जण निसटलेत, पण त्यांना कुणी पेल्याखाली धरलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. वरचा एक कागद त्यांनी पेल्यासकट तिथेच सोडला. फारसा महत्त्वाचा नाही म्हणाले.

सहा नंबर बरणीत गेला, दोन फवारे मिळाले, झाकण तिनं तीनदा दाबून पाहिलं. आता काही सांगायची गरजच नव्हती, हे तिच्या लगेच लक्षात आलं. सगळं जागेवर होतं. वकील काही सुनेला भेटणार नव्हते. आणि हे लक्षात आलं म्हणूनच की काय, तिनं फोन उचलला, विचार बदलायच्या आत.

सुनेचं बोलणं बरं झालं होतं. आवाज दमलेला होता. एक म्हातारे परीक्षक सारखं विचारत होते की दगडाला चिकटल्यापासून कात पडेपर्यंत किती वेळ जातो, आणि तिच्याकडे चिकटण्याची वेळ अशी नीट नोंदलेली जवळजवळ नव्हतीच. तो क्षण कुणाच्या नजरेला पडत नाही.

“सहा नंबर काल तीनला चिकटला,” ती म्हणाली. “पाचपर्यंत तसाच होता. सकाळी आठला बघितलं तर कात टाकलेली.”

“अहो आई, तुम्ही दोन तास बघत होतात?”

“दोन नाही. पावणेदोन. मधे चहा केला.”

आणि मग तिनं सगळं सांगितलं. झाकण, कोट, मोरी, ट्रंकेतली कसरसुद्धा. ती सांगायची नव्हती, पण सुरुवात झाल्यावर मधेच कुठे गाठ मारायची ते कळेना. वकिलांच्या बाहीपाशी आली तेव्हा पलीकडून एक आवाज आला. आधी तिला वाटलं, रडतेय. सून हसत होती. तोंडावर हात दाबून, मग हात काढून, दम लागेपर्यंत. हे हसू तिनं आजपर्यंत भिंतीपलीकडून ऐकलं होतं, चिरंजीव घरी असताना. आपल्याशी बोलताना कधी नाही.

“माझ्यावर का सोडून गेलीस ह्यांना?” तिनं विचारलं.

सून म्हणाली, प्रयोगशाळेतल्या मुलीकडे दिल्या असत्या तर तिनं फवारे मारले असते. तुम्ही बघाल असं वाटलं. बस.

आता. आत्ता नाही तर… “एकदा मी फोनवर बोलले होते,” ती म्हणाली. “ताईशी. तू दारात होतीस.”

“हो,” सून म्हणाली. “होते.”

पुढचं वाक्य तिनं दुपारभर जुळवलं होतं आणि आता त्यातला एकही शब्द हाताला लागेना. सून थांबली होती. रागानं नव्हे, पण घाई करून सोडवायलाही ती पुढे येत नव्हती. त्या थांबण्याचा रंग तिला ओळखता येईना — काळा नव्हता, पांढरा नव्हता, तिच्या रिळांत तसलं काही नव्हतं.

“वाईट बोलले,” ती शेवटी म्हणाली.

“उद्या सकाळच्या गाडीनं येते,” सून म्हणाली, हळू. “मग बसू आपण.”

बसू म्हणजे काय? बोलायला बसू, की नुसतंच बसू? माफ केलं की हिशेब आता उघडणार आहे? फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. आणि — हे काय विचित्र — भूक लागली होती, सडकून. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे आत्ता आठवत होतं. तिनं पावाला लोणी लावून उभ्याउभ्याच खाल्लं, दोन तुकडे, मग तिसरा. खिडकीखाली मुलं चेंडू खेळत होती, कुणीतरी कुणाला तरी आऊट नाही म्हणून भांडत होतं, उन्हं समोरच्या गच्चीवर चढली होती.

जिन्यात पावलं वाजली. ती खाता खाता थांबली, हात पुसला आणि दाराकडे निघाली. अर्ध्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं की सून उद्या येणार आहे. आज तर नाहीच, आणि संध्याकाळी तर नाहीच नाही. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. चिरंजीव जहाजावरून यायचा असला की आदल्या दिवशी मी असं करते — पण ही तर रोज येते, तीन वर्षं रोज संध्याकाळी येत होती, आणि मी एकदाही जिन्याकडे कान दिला नव्हता… ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, ओठाला लोणी, आणि पुढची पावलं ऐकत राहिली.